बाबांच्या रिमोटवरचे आकडे

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. मध्ये दोन-तीन जणांनी "ब्लॉग बंद केलास का रे?" असं विचारलंही. बंद नाही, नुसता आळस. पण गेल्या दोन महिन्यांत जे झालं, ते लिहिल्याशिवाय आता राहवत नाही. विषय ऐकून हसाल. विषय आहे टीव्हीचा नवीन बॉक्स.

हो, तोच. टीव्हीखाली ठेवतात तो. छत्रीवरून चॅनेल दाखवतो आणि वायफाय जोडलं की नेटवरचे पिक्चर आणि वेबसिरीजपण दाखवतो, असा दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा असलेला. मिरजेला आई-बाबांकडे तो बसवला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात टीव्ही लावणं हे एक कौटुंबिक संकट होऊन बसलं.

कुठल्या कंपनीचा, ते लिहिणार नाही. एक तर मला कोणाशी भांडत बसायचं नाही. आणि दुसरं म्हणजे नाव लिहिलं की लगेच कोणीतरी म्हणणार, "मग दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा!" मुद्दा एका कंपनीचा नाहीच आहे. मुद्दा असा आहे की ज्याच्यासाठी हा बॉक्स बनवला म्हणतात, त्या माणसाला काय हवंय हे कोणी कधी विचारलंच नाही.

*

बाबा टेलिफोन खात्यात होते. चौतीस वर्षं. ज्यांनी तो जमाना पाहिलाय त्यांना सांगायला नको: १८० म्हणजे ट्रंक बुकिंग, १९७ म्हणजे चौकशी, १९८ म्हणजे तक्रार. गावातले चार आकडी नंबर बाबांना पाठ असायचे. कोणी रस्त्यात भेटलं तर माणसाचं नाव आठवायच्या आधी बाबांना त्याचा फोन नंबर आठवायचा. आई अजूनही चिडवते, "लग्न ठरलं तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी माझ्या वडिलांचा नंबर विचारला असेल यांनी!"

तर या माणसाचं जग आकड्यांचं. टीव्हीचंही तसंच. जुन्या बॉक्सचे चॅनेल नंबर त्यांनी एका पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिले होते. बातम्या, मालिका, कीर्तन, क्रिकेट, आणि खाली लाल शाईत 'नातीचे कार्टून'. तो पुठ्ठा कालनिर्णयच्या मागे खिळ्याला टांगलेला. पण तो आईसाठी. बाबांना त्याची गरज नव्हती. बातम्यांची वेळ झाली की रिमोट हातात घ्यायचा, न बघता आकडे दाबायचे, की सह्याद्री हजर. डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा पट्टी बांधलेल्या अवस्थेतसुद्धा त्यांनी बोटांनी चाचपून बातम्या लावल्या होत्या!

मग एके दिवशी कंपनीचा फोन आला. "सर, आपण आमचे जुने ग्राहक आहात, आपल्यासाठी मोफत अपग्रेड आहे." मोफत म्हटल्यावर आमच्या बाबांच्या पिढीचा माणूस नाही म्हणत नाही, आणि जुने ग्राहक म्हटल्यावर तर विरघळतोच. दुसऱ्या दिवशी माणूस आला, वीस मिनिटांत नवीन बॉक्स लावला, जुना बॉक्स आणि जुना रिमोट पिशवीत घालून घेऊन गेला. जाताना म्हणाला, "आजोबा, आता सगळं मिळेल बघा यात."

सगळं मिळेल! फक्त सह्याद्री मिळेना.

*

संध्याकाळी बाबांचा फोन. "अरे, टीव्ही लागत नाही."

"म्हणजे काय होतंय?"

"लागलाय, पण लागत नाही."

हे वाक्य तेव्हा मला विनोदी वाटलं होतं. नंतर कळलं, यापेक्षा अचूक वर्णन होऊच शकत नाही. टीव्ही सुरू केला की पूर्वी काल रात्री सोडलेला चॅनेल लागायचा. आता लागते ती पोस्टरची भिंत. कोणी पिस्तूल घेतलेला, कोणी रडणारी, कोणी नुसताच रोखून बघणारा. एका ओळीखाली दुसरी ओळ, दुसरीखाली तिसरी. त्यात चॅनेल कुठे आहेत ते शोधायला खाली जायचं, मग डावीकडे, मग एक छोटं चित्र, त्यावर ओके. तिथे गेलं की यादी. यादीतून खाली, खाली, खाली.

आणि रिमोट? छान छोटा, काळा, गुळगुळीत. वर एक गोल, खाली माइकचं बटण, आणि त्याखाली चार बटणं चार अॅपच्या नावांची, ज्यांतल्या तीन अॅपचे पैसे आम्ही भरलेले नाहीत. आकडे नाहीत. एकही नाही. शून्यसुद्धा नाही!

"बाबा, त्या माइकचं बटण दाबून बोला, सह्याद्री म्हणा."

बाबा म्हणाले. अगदी ट्रंक कॉलवर बोलायचे तसं, स्पष्ट आणि मोठ्याने. टीव्हीने त्यांना सह्याद्रीतल्या ट्रेकिंगचे व्हिडिओ काढून दिले. हरिश्चंद्रगड, नाणेघाट, पावसातला धबधबा. बाबांनी सभ्यपणे पाच मिनिटं धबधबा बघितला आणि बंद केलं.

पुढच्या आठवड्यात ओटीपीचं सुरू झालं. एक अॅप आपोआप लॉगआउट झालं. परत उघडायचं तर नंबर टाका, मग ओटीपी. वायफाय घेताना मी माझा नंबर दिला होता, त्यामुळे ओटीपी पुण्याला माझ्या मोबाइलवर. मी मीटिंगमध्ये. बाहेर येऊन बघतो तर चार मिस्ड कॉल आणि तीन मुदत संपलेले ओटीपी. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा तिडीक गेली. ज्या माणसाने आयुष्यभर गावाला फोन जोडून दिले, त्याला स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने घेतलेला टीव्ही बघायला अडीचशे किलोमीटरवरच्या मुलाची परवानगी लागायला लागली.

*

आता थोडा इतिहास. थोडक्यात सांगतो, पळून जाऊ नका. :)

आपल्याकडच्या प्रेक्षकाला कोणी काही विचारायची पद्धतच नाही. १९९१ नंतर केबल आली, गच्च्यागच्च्यांवरून काळ्या वायरी गेल्या, केबलवाला देईल ते बघायचं. २००३ मध्ये डिश टीव्ही आलं, २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची फुकट छत्री आली, २००६ मध्ये टाटा स्काय. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत बॉक्सशिवाय केबल बंद, मग पुढच्या टप्प्यात बाकीची शहरं. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायचा नवा नियम: हवे ते चॅनेल निवडा आणि तेवढ्याचेच पैसे द्या. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात पहिल्या शंभर चॅनेलची जागा म्हणून १३० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे आधी ठेवायचे, आणि मग चॅनेलचे वेगळे. एचडी चॅनेल असेल तर एकाची दोन जागा धरायची. त्या जानेवारीत मी आणि बाबा फोनवर तासभर हिशोब करत बसलो होतो. शेवटी कंटाळून कंपनीने बांधून दिलेलं गाठोडंच घेतलं. तुमच्यापैकी बहुतेकांनी तेच केलं असणार, खोटं बोलू नका.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या उलथापालथीत चॅनेलचा नंबर ही गोष्ट टिकली. एवढंच नाही, ट्रायच्या २०१७ च्या नियमांत असंही आहे की एकदा चॅनेलला नंबर दिला की तो किमान वर्षभर बदलायचा नाही, आणि एका प्रकारचे, एका भाषेचे चॅनेल यादीत शेजारी शेजारी ठेवायचे. म्हणजे सरकारी बाबूंनासुद्धा कळलं होतं की नंबर हा प्रेक्षकाचा पत्ता असतो. रोज सकाळी उठून घराचा पत्ता बदललेला चालत नाही.

आणि नेटच्या या भिंतीला मात्र असला काही नियम नाही. आज पहिल्या ओळीत जे आहे ते उद्या चौथ्या ओळीत. परवा गायब. आईने मोठ्या कष्टाने लक्षात ठेवलं होतं की तिची मालिका "खाली दोनदा, उजवीकडे तीनदा". तिसऱ्या दिवशी तिथे कुस्ती.

*

हे असं का करतात, यावर मी बराच विचार केला. बावळट आहेत म्हणून? मुळीच नाही. फार हुशार लोक आहेत ते.

छत्रीवाल्या कंपन्यांचं गिऱ्हाईक आटत चाललंय. २०२० च्या अखेरीला देशात सात कोटींच्या आसपास सक्रिय जोडण्या होत्या, २०२५ पर्यंत त्या सहा कोटींच्या खाली आल्या. हे ट्रायचे आकडे आहेत. एका बाजूने फुकटची छत्री, दुसऱ्या बाजूने मोबाइल. मधल्या माणसाने काय करायचं? त्याने ठरवलं, आपणच नेट घरात न्यायचं. २०१९-२० च्या सुमारास एकापाठोपाठ एक कंपन्यांनी असे बॉक्स काढले. आणि २०१९-२० पासून आजपर्यंत बॉक्स बदलत गेले, पण विचार तोच राहिला.

तो विचार असा की टीव्हीचा पहिला पडदा ही विकायची जागा आहे. हायवेवरच्या होर्डिंगसारखी. कुठलं पोस्टर वर, कुठलं खाली, यात पैसा आहे. रिमोटवर कोणाच्या नावाचं बटण, यातही पैसा आहे. आता मला सांगा, शून्य ते नऊ या दहा बटणांचे पैसे कोण देणार? 'सात' या आकड्याची कुठली कंपनी आहे? म्हणून आकडे गेले. बाबा बोटांनी थेट बातम्यांवर पोचत होते, वाटेत एकही पोस्टर न बघता. दुकानातून काही न घेता सरळ निघून जाणारं गिऱ्हाईक कोणाला आवडतं? त्याला भिंतीसमोरून फिरवून न्यायचं, हा सगळा खटाटोप.

माझं म्हणणं एवढंच आहे: फुकट असतं तर मी एक शब्द बोललो नसतो. फुकटच्या लग्नात पंगत उशिरा बसली तरी आपण बोलत नाही. पण इथे रिचार्जचे पैसे आम्ही भरतो, वायफायचे आम्ही भरतो, अॅपच्या पॅकचे आम्ही भरतो, आणि वर जाहिरातींच्या भिंतीसमोरून वाट काढत आमच्याच बातम्यांपर्यंत आम्हीच जायचं? एकाच गोष्टीचे पैसे किती वेळा द्यायचे?

त्या 'मोफत'चंही ऐका. बॉक्स मोफत, पण त्याबरोबरचा अॅपचा पॅक तीन महिनेच मोफत. वायफाय लागेल हे फोनवर सांगितलंच नव्हतं. आधी बाबांनी मोबाइलचं हॉटस्पॉट देऊन बघितलं. एचडी पिक्चर तासाला तीन जीबीपर्यंत खातो, आणि बाबांचा पॅक दिवसाला दीड जीबीचा. पिक्चरच्या मध्यंतराआधी पॅकचा मध्यंतर! मग ब्रॉडबँड घेतलं. आणि गंमत म्हणजे पॅकमध्ये जे अॅप 'आहे' म्हणून सांगितलं, ते कंपनीच्या पोटातून उघडलं तर चालतं. तेच अॅप शेजारच्या चित्रावरून उघडलं तर ते म्हणतं, पैसे भरा. बाबांनी विचारलं, "एकाच दुकानाला दोन दारं, आणि एका दारातून गेलं की उधारी चालत नाही, असं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि एकदा रात्री वायफाय गेलं. छत्री व्यवस्थित होती, आभाळ स्वच्छ होतं. तरी पडद्यावर भलीमोठी पाटी: इंटरनेट नाही. अरे, चॅनेल तर वरून येतायत ना! पाऊस जोराचा असला की छत्री जाते, ते समजू शकतो. त्या लहरी पावसाच्या थेंबांत अडकतात, निसर्गाचा नियम आहे. पण कोरड्या रात्री, छत्री चालू असताना चॅनेलच्या दारात नेटचं कुलूप? हा निसर्गाचा नियम नाही. हे कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं आहे.

*

आता तुमच्या कॉमेंट मला आधीच दिसतायत. :)

पहिली: "काळाबरोबर शिकायला हवं." ठाण्याचा माझा मावसभाऊ नक्की लिहिणार. दादा, ऐक. माझ्या बाबांनी डायलच्या फोनपासून इलेक्ट्रॉनिक एक्सचेंजपर्यंत सगळं शिकून घेतलं. सत्तावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटरवर बिलं काढायला शिकले. आज मोबाइलवरून लाइटबिल स्वतः भरतात. न शिकणारा माणूस हा नव्हे. शिकायला तो तयार आहे, पण जे शिकलं ते पुढच्या मंगळवारीही तसंच असेल एवढी तरी हमी द्याल की नाही? रोज जागा बदलणारी गोष्ट कोण शिकणार?

दुसरी: "तरुणांना हेच हवंय." खरंच? आमच्याच घरचं सांगतो. रात्री जेवण झालं की मी आणि बायको काहीतरी बघू म्हणून बसतो. पंचवीस मिनिटं ती भिंत वरखाली करतो. शेवटी पूर्वी तीनदा बघितलेला पिक्चर लावतो आणि वीस मिनिटांत झोपतो. माझी लेक नववीत आहे. तिला म्हटलं, तुला या बॉक्समध्ये काय आवडतं? ती म्हणाली, "काल जिथे थांबवलं होतं तिथून पुढे सुरू होतं ते." बास! म्हणजे तिलाही तेच हवंय जे आजोबांना हवंय. काल जिथे सोडलं तिथून आज सुरू व्हावं. आजोबांच्या भाषेत त्याला 'टीव्ही लागणं' म्हणतात.

आणि क्रिकेटचं काय सांगू. पुण्यात आम्ही मॅच नेटवरून बघतो. समोरच्या बिल्डिंगमध्ये छत्री आहे. आमचा बोलर अजून धावत येतोय तोवर समोरून आरडाओरडा. विकेट पडली हे आम्हाला आधी कानांनी कळतं, मग अर्ध्या मिनिटाने डोळ्यांनी. नेटवर चित्राचे काही-काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, ते साठवून मग दाखवतात, त्यामुळे हा उशीर. तंत्राची अडचण मला मान्य आहे. पण मग बॉक्सने निदान सांगावं तरी, की बाबा रे, हीच मॅच तुझ्या छत्रीवर आत्ता चालू आहे, तिथे बघ. दोन्ही दारं याच्याच घरात आहेत. पण मॅच शोधली की तो आधी नेटचंच दार उघडून देतो.

तिसरी कॉमेंट: "एवढा काय त्रागा, टीव्हीच तर आहे." याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

*

गेल्या महिन्यात मिरजेला गेलो होतो. सकाळच्या गाडीने पोचलो. घरात शिरलो तर टीव्हीवर आईने विणलेला तो जुना क्रोशाचा रुमाल घातलेला. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला जाताना घालायचो तसा. मी म्हटलं, बिघडला का? आई म्हणाली, "नाही रे. हल्ली लावत नाहीत."

बाबा मागच्या खोलीत रेडिओ ऐकत बसले होते. आकाशवाणी सांगली. मला बघून आवाज कमी केला.

"टीव्ही का लावत नाही?"

"बघण्यासारखं असतं काय हल्ली." असं म्हणून त्यांनी विषय बदलला. गाडीला गर्दी होती का, वगैरे.

दुपारी ते झोपल्यावर आईने सांगितलं. मध्ये एकदा त्यांनी मला फोन केला होता, असंच काहीतरी अडलं म्हणून. मी त्या दिवशी कामात होतो. मी म्हणालो होतो, "बाबा, किती वेळा सांगितलं तुम्हाला!" एवढंच. मला आठवतसुद्धा नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी टीव्ही लावला नाही. आईला म्हणाले, "त्याला त्रास होतो. आपल्याला काय, रेडिओ आहे."

मंडळी, आता तुम्ही सांगा, ही टीव्हीचीच तर गोष्ट आहे का?

मी बोललो ती माझी चूक होती, त्यात दुमत नाही. ती मी कंपनीच्या गळ्यात घालणार नाही. पण मी बोलायच्या आधी तो प्रसंग कोणी आणला? एका माणसाच्या हातात एक गोष्ट होती जी त्याला कोणाची मदत न घेता करता येत होती. सत्त्याहत्तराव्या वर्षी अशा गोष्टी दरवर्षी एकेक कमी होत जातात. सायकल गेली. बँकेत एकट्याने जाणं गेलं. वाचायला आता भिंग लागतं. रिमोट राहिला होता. तोही 'अपग्रेड' करून नेला, आणि वर त्याला मोफत म्हणाले.

*

कस्टमर केअरला मी त्याच दिवशी फोन लावला. जुना बॉक्स परत द्या. "सर, ते मॉडेल आता बंद झालंय." मग आकड्यांचा रिमोट द्या. "सर, आपण व्हॉइस सर्च वापरू शकता." मी ट्रेकिंगची गोष्ट सांगितली. पलीकडची मुलगी हसली बिचारी. तिचा काय दोष.

शेवटी बाजारपेठेतल्या डिशवाल्या पोराला बोलावलं. विशीतला असेल. त्याने खिशातून एक जुनाट, जाडजूड, आकडेवाला रिमोट काढला, त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा, आणि पाच मिनिटांत या बॉक्सला जोडून दिला. मग सेटिंगमध्ये आत, आणखी आत, पाच पायऱ्या उतरून त्याने एक खूण केली: सुरू झाल्यावर शेवटचा चॅनेल दाखवा. अडीचशे रुपये घेतले आणि म्हणाला, "काका, या महिन्यात हे अकरावं घर."

लक्षात आलं का? म्हणजे त्या बॉक्सला आकडे कळत होते. पहिल्या दिवसापासून कळत होते. थेट चॅनेलवर उघडायची सोयही त्यात होती. फक्त ती अशा ठिकाणी पुरून ठेवली होती की बाबांना सापडू नये. आतापर्यंत मी याला निष्काळजीपणा समजत होतो. आता नाही समजत.

तर प्रेक्षकांना नवीन बॉक्सकडून काय हवंय, याची यादी मीच करतो. कंपन्यांनी विचारलं नाही म्हणून काय झालं.

१. रिमोटवर आकडे. शून्य ते नऊ. अॅपची बटणं खुशाल ठेवा, पण आकड्यांच्या बदल्यात नको.

२. टीव्ही लावला की काल सोडलेला चॅनेल लागावा. पोस्टरची भिंत ज्याला हवी त्याने बटण दाबून मागावी.

३. वायफाय गेलं तरी छत्रीचे चॅनेल चालले पाहिजेत. आणि एकच कार्यक्रम दोन्हीकडे असेल तर दोन्ही वाटा दाखवा, निवड आमची.

४. मराठी. आमच्या बॉक्समध्ये मराठी भाषा निवडता येते, पण ती सेटिंगच्या पाट्यांपुरतीच. भिंत तशीच हिंदी-इंग्रजी. शोधायला गेलं की देवनागरी कीबोर्ड नाही. पैसे आम्ही रुपयात भरतो, तेव्हा मात्र भाषेची अडचण येत नाही.

५. जे पॅकमध्ये नाही, ते पडद्यावर दाखवू नका. निदान पैसे पडतील एवढं पोस्टरवर लिहा. बाबांच्या पिढीला चुकून काही दाबलं गेलं आणि पैसे कापले गेले तर, ही भीती सतत असते. त्या भीतीनेच ते बटणं दाबत नाहीत, अडाणीपणाने नव्हे.

६. ओटीपी घरातल्या माणसाच्या फोनवर. आणि दर पंधरा दिवसांनी "तुम्ही कोण?" विचारू नका. रिचार्ज संपायच्या तीन दिवस आधी बरोब्बर ओळखता की आम्हाला.

७. बॉक्स आमचा राहू द्या. कंपनी बदलली तर बॉक्स फेकायचा का? मोबाइल कंपनी बदलताना आपण मोबाइल फेकतो का? कुठलाही बॉक्स कुठल्याही कंपनीला चालावा अशी शिफारस ट्रायने २०२० च्या एप्रिलमध्ये केली होती. पण बाबांचा जुना बॉक्स कंपनीच्या पिशवीत गेला तो गेलाच.

यात रॉकेट उडवायचं काही नाही. यातलं निम्मं तर वीस वर्षांपूर्वीच्या बॉक्समध्ये होतं.

*

आणि मी बॉक्सच्या विरुद्ध आहे असं समजू नका. आकड्यांचा रिमोट आल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बातम्या झाल्या. बाबा खुशीत होते. मी गुळगुळीत रिमोट त्यांच्या हातात दिला, माइकचं बटण दाबलं आणि म्हटलं, "बाबा, अब्दुल करीम खाँ म्हणा."

मिरजेच्या माणसाला या नावाबद्दल काही सांगावं लागत नाही. खाँसाहेब मिरजेत राहिले, मिरजेच्या दर्ग्यातच त्यांची कबर आहे, आणि तिथल्या दरवर्षीच्या संगीतसभेला बाबा तरुणपणापासून रात्र रात्र बसलेले.

बाबा म्हणाले. आणि या वेळी त्या डब्याने बरोबर ऐकलं! जुनी ध्वनिमुद्रिका, खरखर, आणि त्या खरखरीतून वर येणारा तो बारीक, टोकदार सूर. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. गाणं संपलं तसं बाबांनी विचारलं, "परत लागतं का रे हे?"

"लागतं ना. हवं तेव्हा."

"मग कोणी सांगितलं नाही हे!"

तेच तर. पिस्तूलवाले सगळे पहिल्या ओळीत उभे होते. त्यांना ओलांडून खाँसाहेबांपर्यंत जायची वाट कोणी दाखवलीच नाही.

असो. नवीन पुठ्ठा तयार झालाय. चॅनेलचे नंबर पुन्हा लिहिलेत, बाबांच्याच अक्षरात. सगळ्यात खाली लाल शाईत एक नवी ओळ आहे: 'माइक दाबून — खाँसाहेब'.

ता. क. : तुमच्याही आई-बाबांकडे असा बॉक्स असेल तर या शनिवार-रविवारी जाऊन सेटिंगमध्ये 'शेवटचा चॅनेल' शोधा. आणि त्यांचा फोन आला तर "किती वेळा सांगितलं" असं म्हणू नका. मी म्हणालो होतो.